शाळेला नापास कोण करतंय?

“सरकारी शाळा आता संपल्या,” असे कोणी ठामपणे सांगू लागले, की नार्नूरच्या माणसाने आधी एवढेच विचारावे: असे म्हणण्यात तुमचा फायदा काय?

दाखला आमच्याच मुलखाचा घ्या. तेलंगणातल्या नार्नूर मंडळात, गुंजाळा गावात, गोंडीच्या स्वतंत्र लिपीतल्या पोथ्या सापडल्या. २०१८ मध्ये त्या लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या अडाणी म्हटले, त्यांच्या घरात पोथ्या होत्या. जवळच्याच मार्लवाईत १९४३ मध्ये हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने निजामाच्या राज्यात गोंड शिक्षक घडवणारे केंद्र सुरू झाले. पुस्तके गोंडीत, लिपी देवनागरी आणि शिकवणाराही गोंडच. पुढे १९५६ ची राज्यरचना आली, शाळेची भाषा तेलुगू झाली, गोंडी पुस्तके मागे पडली. मूल तेच होते, पण गुरुजींचे बोलणे त्याच्या घरात कोणी बोलत नव्हते. निर्णय राजधानीत झाला आणि ‘मागास’ हा शिक्का गुड्यावरच्या, म्हणजे गोंड वस्तीतल्या, पोरावर बसला.

आता नार्नूरच्या शेजारचे पाहा. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितलेल्या सीमेवरच्या १४ गावांत मराठी शाळाही आहे आणि तेलुगूही. गाव आपले म्हणायचे असले की सरकारला शाळा चालवता येते. खर्च टाळायचा असला की तीच शाळा परवडेनाशी होते.

महाराष्ट्राने तर हे दोन्ही सूर पाच महिन्यांत लावले. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची हालचाल झाली. म्हणजे वाडीवरची शाळा निकामी. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेने गरिबांसाठी २५ टक्के जागा ठेवायची गरज नाही. म्हणजे तीच शाळा गरिबाला पुरेशी. एकदा सरकारचा पैसा वाचणार होता, एकदा संस्थाचालकांचा. मुलाचा लाभ दोन्ही वेळा कुठेच नव्हता. दुसरा डाव मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी मोडून काढला, हे बरे झाले.

मग सरकारी शाळांत सगळे छान आहे का? नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांनाच दुसरीचा धडा वाचता आला. ही लाजेची गोष्ट आहे. पण २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. दोन वर्षांत सात टक्केबिंदूंनी वर चढणाऱ्या शाळेला संपलेली म्हणणारा माणूस एक तर आकडे वाचत नाही, नाही तर त्याला तुमच्याकडून फी घ्यायची आहे.

नार्नूर हा विकासासाठी केंद्राने निवडलेल्या देशातल्या ‘आकांक्षित’ तालुक्यांपैकी एक. २०२५ च्या नागरी सेवा दिनी याच नार्नूरच्या कामासाठी पंतप्रधान पुरस्कार मिळाला. लक्ष दिले की इथे फरक पडतो, याची ही पावती आहे. तांड्यावर आणि गुड्यावर कोणी नफ्यासाठी शाळा काढायला येणार नाही. तिथली सरकारी शाळा बंद झाली, तर मुलाच्या पुढ्यात दुसरी शाळा नसते. गुरे असतात, कापसाचे शेत असते.

म्हणून ओरड करायची तर नेमकी करा. रिकाम्या जागा भरा. चार इयत्ता एका गुरुजींवर टाकू नका. पहिलीच्या मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलणारा माणूस वर्गात ठेवा. एवढे करून मग शाळेची परीक्षा घ्या.

बेरीज चुकली तर गुरुजी ती पुन्हा मांडायला लावतात. पाटी फोडायला सांगत नाहीत.