एकावन्न की एकसष्ट? गाव पेटलंय!

ऐकलंत का? माकणीत सध्या उसाच्या बिलावर कुणी बोलत नाही, निम्न तेरणा धरण किती टक्के भरलं यावर पैज लागत नाही, इतकंच काय, कोण कुणाला पाडणार यावरसुद्धा आवाज चढत नाही. आवाज चढतो तो एकाच प्रश्नावर. पार्कर एकावन्न घ्यावं की एकसष्ट? अहो, पेन! शाईचं पेन! आणि तेही कारखान्यातून निघणारं नव्हे. जुनं एकावन्न 1972 साली बंद झालं, एकसष्टनं ऐंशीच्या दशकात मान टाकली. दोन्ही स्थळं कधीच वर गेलेली, आणि आमची लेकराबाळांची माणसं मुलगी बघायला निघाल्यासारखी नटूनथटून टपरीवर जमताहेत. कुठलं पसंत करावं म्हणून डोकी फोडताहेत. काळ काय आला म्हणायचा हा?

बरं, लिहायचंय काय यांना? कादंबरी? ज्ञानेश्वरीवर भाष्य? वर्षाचं एकूण लिखाण मोजलं तर पीककर्जाच्या कागदावर दोन सह्या, लग्नपत्रिकांवर गावकीची नावं आणि किराण्याच्या वहीत ‘बाकी’ हा एक शब्द. तेवढ्यासाठी चौदा कॅरेट सोन्याची निब! ज्याच्या बायकोचे पाटल्या-बिलवर पतसंस्थेत गहाण पडलेत, तो निबेच्या सोन्यावर तावातावानं बोलतो. आणि आपण? आपण ‘काय हा येडेपणा’ म्हणत अर्धा कप चहा आणखी सांगतो आणि कान टवकारून बसतो.

लागण कशी होते तेही ऐका. दिवाळीची साफसफाई निघते, माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि तळाशी मोडक्या चष्म्याशेजारी आजोबांचं पेन सापडतं. आजोबा कुठल्याशा शाळेत हेडमास्तर, किंवा पाटबंधारे खात्यात कारकून, किंवा नुसतेच हौशी. फोटो पुण्याच्या भाच्याकडे जातो. हा भाचा संगणकात नोकरी करतो, आठवड्यातून एकदाही त्याला पेन धरावं लागत नाही, आणि म्हणूनच पेनांतलं त्याला सगळं कळतं. सुट्टीच्या दिवशी अप्पा बळवंत चौकात व्हीनस या पेनांच्या दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून निबा चालवून बघणाऱ्या जमातीतला तो. त्याचा उलट फोन येतो : ‘‘मामा, कशाला हात लावू नका! साबण नको, रॉकेल नको, काही नको!’’ झालं. काल ज्या पेनानं पोरं कॅरमच्या सोंगट्या उडवत होती, त्याला आज मखमलीची डबी.

दुसऱ्या दिवशी मामा सोनाराचं भिंग डोळ्याला लावून ओट्यावर बसलेले. कशासाठी? तर नळीवरचा बारीक आकडा आणि त्याभोवतीचे ठिपके वाचायला. आकडा सालाचा, ठिपके तिमाहीचे. स्वतःच्या धाकट्या पोराची जन्मतारीख विचारली तर बायकोच्या तोंडाकडे बघणारा हा माणूस, पेन कुठल्या तिमाहीत जन्मलं ते छातीठोक सांगतो! पोराला शाळेत घालतानाही इतकी कागदपत्रं तपासली नव्हती.

आता एकावन्नवाल्यांचा तोरा बघा. पार्कर कंपनी 1888 सालची, अमेरिकेतल्या जेन्सव्हिल गावची. मूळ पुरुष जॉर्ज पार्कर हा तारायंत्र शिकवणारा मास्तर. विद्यार्थ्यांची गळकी पेनं दुरुस्त करता करता वैतागला आणि शेवटी स्वतःच पेन काढायला बसला. ही गोष्ट आपल्याकडच्या निवृत्त गुरुजींना इतकी प्यारी, की ऐकणाऱ्याला वाटावं पार्कर जिल्हा परिषदेच्या शाळेतच होता आणि बदलीला कंटाळून धंद्यात पडला. कंपनीला 51 वर्षं झाली तेव्हा, 1939 साली, हे पेन आकाराला आलं, म्हणून नाव एकावन्न. दुकानात यायला 1941 उजाडलं. किंमत साडेबारा डॉलर. पार्करनं त्याच्या जोडीला शाई काढली होती ती कागदावर पडताक्षणी वाळणारी. पण जी कागदावर वाळते ती निबेवरही वाळते, आणि वर ही शाई अशी जहाल की साध्या पेनाचं अंगच खायची. म्हणून निब झाकणीखाली दडवली, टोक तेवढं बाहेर ठेवलं आणि अंग केलं ल्युसाइट नावाच्या प्लॅस्टिकचं. पदराआडची निब! यावर गुरुजी असे काही लाजतात की आपणच नजर वळवावी.

मे 1945 मध्ये जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या. त्यानंतर दोस्तांच्या सेनापतीनं, आयसेनहॉवरनं, दोन पेनं हातात धरून विजयाची खूण केली. तो फोटो एकावन्नवाल्यांच्या मोबाइलात असतोच, देवाच्या फोटोच्या आधी. टपरीवरचा निष्कर्ष असा की हिटलरला ना रशियानं हरवलं, ना अमेरिकेनं. हरवलं ते पार्करनं. आणि तुम्ही त्याच पेनानं काय करता हो गुरुजी? दुधाचा हिशोब.

एकसष्टवाले यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते एकावन्न म्हणजे नुसती दाबादाबी. तसं खरंच आहे. 1948 नंतरच्या एकावन्नात शाई भरायची तर नळीतली पट्टी दाबत बसा, सोडत बसा, आणि किती वेळा दाबायची तेही नळीवर कोरलेलं. एकसष्ट 1956 साली आलं ते ऐटीत. भरायच्या यंत्रणेत एकही हलणारा भाग नाही! मागची नळी उघडायची आणि पेन उलटं करून बुडाकडून दौतीत उभं ठेवायचं. केशाकर्षणानं शाई आपली आपण वर चढते. नळीला बाहेरून टेफ्लॉन, म्हणजे बाहेर काढलं की शाई अंगाला चिकटतही नाही. विज्ञान म्हणून लाखमोलाचं. पण गावात समजावून सांगायचं म्हणजे?

‘‘भाऊ, ह्यात शाई कुठनं भरायची?’’

‘‘बुडातून.’’

‘‘आं?’’

‘‘पेन बुडानं शाई पितंय.’’

‘‘आन् लिवतंय?’’

‘‘तोंडानं.’’

‘‘मंजी पुढाऱ्यावाणीच की. घेतंय कुठनं, बोलतंय कुठनं.’’

पण माकणीचा उन्हाळा टेफ्लॉनबिफ्लॉन काही जाणत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पेन चार दिवस खिशाला लावून विसरलं की आतली शाई सुकून बसलीच. त्या नळीत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची घट्ट गुंडाळी असते, तिच्या फटींत शाई अडकली की निघता निघत नाही. मग पेनाचं न्हाणं सुरू होतं. रबरी फुग्यानं पाणी आत मारायचं, ओढायचं, पुन्हा मारायचं. पाणी आधी गर्द निळं, दुपारी आकाशी, संध्याकाळी स्वच्छ. गडी खूश होऊन झोपतो आणि सकाळी बघतो तर वाटीत पुन्हा गर्द निळं! आणि पाणी कुठलं वापरतो माहीत आहे? नळाचं चालत नाही, त्यात क्षार. जारचं! धरण उशाला अन् कोरड घशाला अशी आपली तऱ्हा, घरात पाहुण्याला पेला भरून देताना हात आखडतो, आणि हा बहाद्दर विकतचा वीस लिटरचा जार एका पेनाच्या आंघोळीवर ओततो. पार्करवाले शहाणे, त्यांनी 1969 च्या सुमारास ही भानगड सोडून सरळ कार्ट्रिज बसवलं. पण खऱ्या एकसष्टवाल्याला ते बाटगं वाटतं. त्रास नसेल तर ते प्रेम कसलं?

आणि तो बाण! एकसष्टच्या झाकणीवर, निबेच्या जरा मागे, धातूचा इवलासा बाण जडवलेला असतो. दिसायला झकास, पण जुन्या पेनातून हमखास निखळणारा. एका घरात तो पडला तेव्हा दोन दिवस कुणाला केरसुणी उचलू दिली नाही म्हणतात. ज्वारीचं पीठसुद्धा चाळून घेतलं. शेवटी सूनबाई म्हणाल्या, ‘‘मामंजी, तो बाण माझ्या काळजात घुसलाय, बाहेर कशाला शोधताय?’’

पैशाचं तर विचारूच नका. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 साली क्विंटलला 5,328 रुपये, तोही पदरात पडेल तेव्हा खरा. आणि धडक्या अवस्थेतल्या एकावन्नला एक क्विंटल आरामात जातं. टोपण सोनेरी मुलाम्याचं असलं तर त्याहून जास्त. हल्ली किंमत रुपयांत कुणी विचारतच नाही. ‘‘किती पोत्यांचं?’’ असं विचारतात. सोयाबीनला भाव नाही म्हणून सकाळी रास्ता रोकोला बसलेला माणूस संध्याकाळी कॉर्डोव्हान ब्राउन रंगाला किती पोती जास्त मोजावीत याचा सल्ला देत असतो. कॉर्डोव्हान ब्राउन! साध्या मराठीत चॉकलेटी. पण चॉकलेटी म्हटलं की भाव पडतो.

बरं, एकावन्नच हवं तर पार्करनं 2021 साली नवं काढलंय की. फिरकीचं टोपण, आत कार्ट्रिज, दुकानात जा आणि घेऊन या. म्हणून तर कुणाला नको! जे सरळ मिळतं त्याचं कौतुक कसलं? तीच गत शांघायच्या हीरोची. 616 म्हणजे दिसायला थेट एकावन्नचा जुळा भाऊ. आपल्यातल्या कितीतरी जणांची दहावी असल्याच चिनी पेनांवर निघाली, बोटं निळी झाली, खाकी चड्ड्यांना डाग पडले. आज त्याला पंगतीत पाट नाही. ‘‘हीरो का? असू द्या, असू द्या,’’ असं म्हणून पेन असं परत करतात की बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं.

जुन्याजाणत्यांना मात्र याचं नवल नाही. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा, त्यामुळे चांगलं पेन घ्यायचं तर वाट हैदराबादची. तिथलं डेक्कन पेन स्टोअर्स 1928 पासूनचं. राज्यकारभार उर्दूत, उजवीकडून डावीकडे, त्याला निब तिरकी कापलेली लागायची, देवनागरीला वेगळी. पुढं परदेशी मालावर निर्बंध आले आणि खिशाला पार्कर म्हणजे कुणीतरी आखातातून आणलेलं, चारचौघांत शर्टाबाहेर काढून मिरवायचं वैभव झालं. शाई मात्र देशी, 1931 साली दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनची कॅमल. आणि एक गोष्ट एकावन्नवाले चुकूनही बोलत नाहीत म्हणून इथं सांगून टाकतो. त्यांच्या लाडकीची निब मुलखाची ताठ. बोरूनं निघायची तशी जाड-बारीक वळणं तिच्यातून बापजन्मात निघायची नाहीत. ‘क्ष’ काढून दाखवा म्हटलं की गुरुजींना एकदम शाळेतली मीटिंग आठवते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी!

धर्मांतरं तर किती सांगावीत? औषधांच्या दुकानातला तो, ज्यानं जन्मभर कंपन्यांची फुकटची बॉलपेनं वापरली, आता पावतीच्या कार्बनवर शाईचं पेन चालत नाही म्हणून कार्बनलाच शिव्या घालतो. टपरीवरचा सगळ्यात मोठा निंदक, ‘‘धा रुपयाच्या पेनाला काय धाड भरलीय?’’ असं रोज विचारणारा, परवा नमस्काराला वाकला तर खिशाच्या तळाला निळा डाग. बॉलपेननं असा डाग पडतो होय? विचारलं तर म्हणे, निळीचा आहे. निळीचा! खिशात नीळ घेऊन कोण फिरतं?

तुम्ही हे वाचून गालातल्या गालात हसताय ना? खुशाल हसा. पण मघाशी ट्रंकेचा विषय निघाला तेव्हा तुमची नजर माळ्याकडे का गेली, तेवढं सांगा. तेव्हा उगाच साळसूदपणाचा आव नको. निकाल हवाय तर ऐका. एकावन्न घ्या, आणि 1948 नंतरचं घ्या. त्यातली शाईची पिशवी रबराची नाही, पारदर्शक प्लॅस्टिकची आहे, आणि बहुतेक पेनांत ती अजून शाबूत असते. ज्यांना एकसष्टच हवंय त्यांनी कार्ट्रिजचं शोधावं आणि पैसे मोजण्याआधी बाण जागेवर आहे का ते नखानं चाचपून बघावं. आणि ट्रंकेत दोन्ही सापडली, तर गावभर बोभाटा न करता आधी आमच्याकडे यावं. जार भरून ठेवलाय.