बॅकअपभाऊ

अमरावतीत राजापेठ असो की गाडगेनगर, प्रत्येक वस्तीत एक बॅकअपभाऊ असतो. अकोल्यातही असतो, तिथं तो बहुधा टिळक रोडच्या आसपास सापडतो. दुकानावर कधी 'कम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' अशी पाटी असते, कधी पाटीच नसते. वय पन्नाशीकडे झुकलेलं, चष्मा कपाळावर, खिशात स्क्रू ड्रायव्हर. खांद्यावरच्या काळ्या बॅगेत दोन हार्डडिस्क, एक खोडरबर आणि मार्च ते जून एक कांदा. कांदा उन्हासाठी. तो हार्डडिस्कला खेटून ठेवू नये, असं मी एकदा सुचवलं तर म्हणाला, "ऊन तिलेबी लागते ना बाप्पा."

कम्प्युटर सुरू होत नाही म्हणून कुणी फोन केला, तर तो "काय झालं?" असं विचारत नाही. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "डेस्कटॉपवर काय ठेवलं होतं?" पलीकडचा माणूस चपापतो, कारण सगळंच डेस्कटॉपवर असतं. विंडोज बसतं सी ड्राइव्हमध्ये आणि डेस्कटॉपही तिथलाच. बॅकअपची जुनी प्रत सी वर उतरवली की मधल्या काळात तिथं साठलेलं सगळं जातं. ही गोष्ट त्याची अर्ध्या शहराला सांगून झाली आहे. "तुमाले म्हटलं होतं, डी मध्ये ठेवत जा. डी काऊन देला तुमाले? शोभेले?"

नुसतं फॉरमॅट मारून देणाऱ्या पोरांचा त्याला मनस्वी तिटकारा. "फॉरमॅट कोनीबी मारते. मंग वकीलसायबाचे फॉन्ट कोन आनून देईन?" यात तथ्य आहे. दस्त टाइप करणाऱ्यांकडे अजूनही श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असतो. विंडोज नव्यानं टाकलं आणि तो फॉन्ट राहिला, की अख्खं खरेदीखत, चतुःसीमेसकट, इंग्रजी अक्षरांचा काला होऊन समोर येतं. शिवाय प्रिंटरची सीडी हरवलेली, टॅलीचं सेटिंग करणारा पोरगा पुण्याला गेलेला. म्हणून मशीन नीट चालू असतानाच बॅकअपभाऊ अख्ख्या सी ड्राइव्हची एका फाइलीत इमेज काढून ठेवतो. हे काम गिऱ्हाइकानं सांगितलेलं नसतं. त्याचे पैसेही कुणी देत नाही.

त्याचं दैवत नॉर्टन घोस्ट. न्यूझीलंडात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये सिमँटेकनं विकत घेतलं आणि २०१३ मध्ये बंदही केलं, पण ही बातमी बॅकअपभाऊनं मनावर घेतलेली नाही. आता मशिनी नव्या आल्या, त्यांना घोस्ट मानवत नाही, म्हणून त्यांच्यावर तो दुसरंच काहीतरी वापरतो. बोलताना मात्र "घोस्ट मारून देतो" असंच म्हणतो. जुन्या डॉसच्या शिस्तीनं फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवायची सवयही गेलेली नाही. राजकमल चौकातले वकील त्याच्या डिस्कवर 'आर-जे-के-एम-एल-व्ही-के-एल' असे नांदतात. मी कसा नांदतो ते विचारायचा मला धीर झालेला नाही.

आल्या आल्या तो आधी कूलरकडे बघतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलर आणि कम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावायची रीत आहे, आणि कूलरची ओली हवा थेट 'सीपीयू'च्या ढेरीवर सोडायचीही. (पेटीला सीपीयू म्हणू नये, हे सांगण्याचा नाद त्यानं केव्हाच सोडला.) कूलरची पिन तो स्वतः काढतो. घरातले लोक घाम पुसत उभे राहतात. मग पेटी उघडून रॅम बाहेर काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायची. कित्येकदा रोग एवढ्यावरच बरा होतो. तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरतो, कारण घोस्ट मारायची संधी गेलेली असते.

नाही झाला बरा, तर खरा विधी सुरू होतो. निळ्या-करड्या पडद्यावर तो पुटपुटत जातो: "लोकल... पार्टिशन... फ्रॉम इमेज." पार्टिशनच्या जागी चुकून डिस्क निवडलं तर सी बरोबर डी सुद्धा जातं, घरच्या लग्नाच्या फोटोंसकट; म्हणून या टप्प्यावर कुणी बोललेलं त्याला खपत नाही. चहा आणणाऱ्या वहिनीसुद्धा दारात थबकतात. शेवटी पडद्यावर विचारणा येते: आधीचं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं का? बॅकअपभाऊ दोन्ही हात की-बोर्डावरून उचलून मांडीवर ठेवतो आणि घरमालकाकडे वळतो.

"सी मध्ये काई राह्यलं काय?"

"नाही."

"पाहा बरं, आठवून पाहा."

"काही नाही हो भाऊ, मारा."

"वहिनी, तुमचं?"

वहिनीही मान हलवतात. तो यसवर जातो, एंटर दाबतो. पट्टी चार टक्क्यांवर येते आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "पिंकीचा बायोडाटा!"

यावर तो चिडत नाही. चहा घेतो. बायोडाटा नव्यानं टाइप करायला पोरगी समोर बसते आणि मधल्या काळात दोन इंच उंच होऊन उठते.

त्याचीही फजिती होते. एक्सपीच्या काळात एका झेरॉक्सवाल्याचं मशीन त्यानं दर आठवड्याला घोस्ट मारून चकाचक करावं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाची ईएक्सई फाइल हजर. इमेज शुद्ध होती, पण व्हायरसचं माहेर डी मध्ये होतं, आणि डी ला तर हात लावायचा नाही हा याचाच नियम. डी वर डबल क्लिक केलं की ऑटोरननं पाहुणा पुन्हा सी मध्ये दाखल. हे उमगल्यावर त्यानं झेरॉक्सवाल्याला गिला वडा खाऊ घातला, असं तो स्वतःच सांगतो.

अमरावतीच्या बॅकअपभाऊचं एखादं गिऱ्हाईक अकोल्याला असतंच. पूर्वी तो रेल्वेनं जायचा, कारण रस्त्याचे खड्डे डिस्कला सोसणार नाहीत. बडनेऱ्यापासून बॅग मांडीवर, आणि मूर्तिजापूरला चहावाल्यालासुद्धा "हळू" म्हणायचं. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला, तेव्हापासून तो एसटीनं जातो. विक्रमाचं त्याला कौतुक आहे, पण त्याचा प्रश्न वेगळाच: "जुन्या रस्त्याचा काई बॅकअप ठेवला काय?" तो रस्ता परत कुणाला हवा असेल, हे मात्र मला कळलेलं नाही.

१९ जुलै २०२४ हा त्याच्या आयुष्यातला मोठा दिवस. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या पडल्या, विमानं अडकली. आणि उपाय काय, तर बहुतेक ठिकाणी एकेका मशीनसमोर बसून सेफ मोडमध्ये एक फाइल उडवायची. विमानतळावरच्या निळ्या पडद्याचे फोटो त्यानं दिवसभर सगळ्यांना पाठवले. खाली एकच ओळ: "पाह्यलं? शेवटी मानूसच लागला."

३१ मार्च हा जगभर 'बॅकअप दिवस' म्हणून पाळतात. वऱ्हाडात त्या दिवशी इयर एंडिंग असल्यामुळे बॅकअप घ्यायला कुणाला सवड नसते आणि मशिनी नेमक्या तेव्हाच बसतात. अशाच एका ३१ मार्चला अकोल्याच्या डाळ मिलच्या ऑफिसात मीही त्याच्याबरोबर होतो. बाहेर ऊन रणरणतंय, आत मुनीमजी घामाघूम. चाळीस मिनिटांत मशीन उठलं. टॅली जागेवर, फॉन्ट जागेवर, प्रिंटर पहिल्या झटक्यात बोलला. बॅकअपभाऊनं पाचशे रुपये सांगितले.

शेटजींनी पडदा नीट न्याहाळला. "नवीन काय देलं भाऊ तुम्ही? माहंच मले परत देलं. त्याचे पाचशे?"

मला वाटलं, आता हा भडकणार. पण त्याला ते पटलं. थोडा वेळ विचार करून म्हणाला, "बरोबर आहे. तीनशे द्या. पन डेस्कटॉपवर काई ठेवू नका."

"छे छे," शेटजी म्हणाले आणि तीनशेची नोंद करायला त्यांनी मुनीमजींना नवी फाइल उघडायला लावली. मुनीमजींनी रक्कम लिहिली, तारीख टाकली, सेव्ह केली. बॅकअपभाऊ बॅग खांद्याला लावून दारापर्यंत गेला होता.

"मुनीमजी, कुठं सेव्ह केली?"

"ही काय, समोरच आहे."

त्यानं बॅग खाली ठेवली आणि कूलरची पिन काढली.