जुनी जर्मन रेल्वे-टोपी : पारख आणि मोल

होतकरू संग्राहकांच्या हितार्थ हे नियम सादर करीत आहोत. गरज पडली ती बर्लिनला राहणाऱ्या आमच्या मेहुण्यांमुळे. त्यांच्याकडे कपाटभर टोप्या आहेत आणि टोपीगणिक एक कहाणी.

नियम १. बिल्ला वाचावा. पंख फुटलेलं चाक दिसलं म्हणजे टोपी रेल्वेची. जर्मनीचीच असेल असं नाही, हे चाक युरोपात बऱ्याच ठिकाणी उडालं आहे. राज्याच्या रंगांची चकती असेल, म्हणजे प्रशियाची काळी-पांढरी किंवा बव्हेरियाची पांढरी-निळी, तर टोपी बहुधा १९२० पूर्वीची. त्या वर्षी राज्याराज्यांच्या रेल्वे एकत्र होऊन राइखबान झाली.

खरी गोम पुढेच आहे. १९४९ मध्ये पश्चिमेला बुंडेसबान आली. पूर्वेच्या कम्युनिस्टांनी मात्र ‘राइखबान’ हे बादशाही नाव सोडलं नाही, कारण पश्चिम बर्लिनमधली रेल्वे चालवण्याचा हक्क त्या नावाला चिकटलेला होता. ते नाव १९९३ अखेरपर्यंत टिकलं. तेव्हा विक्रेता ‘राइखबान, म्हणजे युद्धापूर्वीची’ म्हणाला, तर हातोडा, कंपास आणि धान्याचं कडं शोधावं. सापडलं, की टोपी पूर्व जर्मनीची. अशा टोप्या मुबलक, म्हणून स्वस्त.

नियम २. स्वस्तिकवाल्या गरुडाला नवशिक्यानं लांबूनच नमस्कार करावा. जर्मनीत ते चिन्ह उघडं मांडणं कायद्यात बसत नाही; विक्रेते त्यावर चिकटपट्टी लावतात. नकलांचा सुळसुळाटही त्याच नाझी काळाच्या मालात.

नियम ३. लाल टोपी गाडी सोडणाऱ्या अधिकाऱ्याची. ड्रायव्हरला तो लांबून दिसावा म्हणून लाल. ती सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे विक्रेताही लगेच ताठ होतो.

नियम ४. टोपी उलटी करावी. बाहेरून ती काहीही सांगेल. आत कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी पाहावी : घामानं काळवंडलेली आहे का, मापाचा आणि कारखान्याचा शिक्का आहे का. बिल्ल्याखालचं कापड आजूबाजूपेक्षा गडद हवं. शेजारी रिकामी भोकं असतील, तर बिल्ला मागाहून आलेला. जांभळ्या (अतिनील) टॉर्चखाली ‘१९३०ची’ शिलाई निळीशार चमकली तर शंका घ्यावी. पण कपडे धुण्याच्या पावडरीनंही तशी चमक येते, तेव्हा लगेच कुणाची गचांडी धरू नये.

नियम ५. धुऊ नये.

नियम ६. कहाणीचे पैसे मोजू नयेत. बाजारातल्या प्रत्येक विक्रेत्याचा आजोबा स्टेशनमास्तर असतो. कुणाच्या आजोबानं फाटक पाडलं नाही, डबे जोडले नाहीत, कोळसा ओढला नाही. मग गाड्या चालवत कोण होतं? आमचे मेहुणे हा प्रश्न विचारत नाहीत. आजोबा सुरू झाले, की त्यांचा हात पाकिटाकडे जातो आणि ताई दुसऱ्या दुकानाकडे. कागद मात्र मोलाचा : त्याच माणसाचा गणवेशातला फोटो किंवा नोकरीचं पुस्तक सोबत मिळालं, तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

नियम ७. घालून पाहू नये; जुनी शिवण उसवते. हा नियम मेहुण्यांना चारदा वाचून दाखवला आहे. त्यांच्या डोक्याचं माप मोठं, कपाटातली एकच टोपी त्यांना बसते : पूर्व जर्मनीची, बिल्ला वाकलेला, आतली पट्टी तडकलेली. वरील सर्व निकषांवर तिची किंमत जवळपास शून्य. ती घालून ते आम्हाला स्टेशनवर सोडायला येतात, आणि गाडी वेळेवर सुटली की श्रेय स्वतःकडे घेतात.