बेल्ट झटका मारून बघा

मागच्या आठवड्यात लग्नाला चंद्रपूरहून अहेरीला निघालो. गाडी नातेवाइकाची. मागच्या सीटवर बसून बेल्ट ओढला, तर तो ढिला होऊन मांडीवर पडला, परत आत जाईना. बकल शोधायला फटीत हात घातला. शेंगदाण्याची टरफलं, एक रुपयाचं नाणं आणि खर्ऱ्याचा भुगा हाती आला. बकल नव्या सीट कव्हरखाली गाडलेलं!

“मांगं कोन लावते भाऊ बेल्ट?” गाडी चालवणारा पोरगा म्हणाला.

4 सप्टेंबर 2022 ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागच्या सीटवर होते, दोघांनीही बेल्ट लावला नव्हता. याहून मोठं उत्तर त्या पोराला काय देणार?

पण लावलेला बेल्ट तरी धड असतो का? डिसेंबर 2022 मध्ये मारुती सुझुकीने 9,125 नव्या गाड्या परत बोलावल्या, कारण पुढच्या बेल्टचा एक भाग सुटण्याची शक्यता होती. पुढच्याच महिन्यात 11,177 ग्रँड विटारा बोलावल्या, त्या मागच्या बेल्टच्या ब्रॅकेटसाठी. कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाड्यांची ही गोष्ट. मग आपल्याकडच्या एमएच 33 आणि एमएच 34 च्या जुन्या गाड्यांचं काय? वर चंद्रपूरचं 45 अंशांचं ऊन, घुग्घुसला कोळशाची धूळ, सुरजागडच्या रस्त्याला लोहखनिजाची. उन्हानं पट्ट्याचे धागे कमजोर होतात, धुळीनं गुंडाळी अडते.

त्यातून आपले रस्ते जंगलाचे. मूलच्या किंवा आलापल्लीच्या वाटेवर रोही नाहीतर रानडुक्कर आडवं आलं की ब्रेक दाबण्याखेरीज हातात काही उरत नाही. बेल्टनं त्याच क्षणी घट्ट धरायचं असतं. साठच्या वेगात आदळणं म्हणजे चौथ्या मजल्यावरून पडणं.

आणखी एक धोका सेकंडहँड गाडीचा. आजच्या बहुतेक गाड्यांत बेल्टला प्रीटेन्शनर असतो. धडक बसताच तो पट्टा आवळतो, पण एकदाच. पुढे तो बदलावाच लागतो. डेंटिंग-पेंटिंग करून गाडी विकली जाते, आत बेल्ट तोच राहतो. खासगी गाडीला पंधरा वर्षं फिटनेस तपासणी नाही आणि बेल्ट नसल्याचा हजाराचा दंड पट्टा खांद्यावर आहे की नाही, एवढंच बघतो. माझी मागणी साधी आहे : गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना आरटीओने प्रत्येक सीटचा बेल्ट तपासावा.

तोवर आपणच बघायचं. बेल्ट जोरात झटका मारून ओढा, जागीच अडकला पाहिजे. सोडा, आपोआप आत गेला पाहिजे. बकल लावून हिसका द्या, सुटता कामा नये. कडा उसवल्या असतील किंवा उंदरानं कुरतडलं असेल, तर शिवू नका, अख्खा बेल्ट बदला. मेकॅनिकला विचारायला लाजू नका.

त्या दिवशी आम्ही कव्हर उसवून बकल वर काढलं. ते लागलं, पण झटका दिला तर पट्टा अडकेना. ती जागा रिकामी ठेवली आणि एक माणूस दुसऱ्या गाडीतून आला. लग्नाला अर्धा तास उशीर झाला. अक्षता मात्र सगळ्यांनी टाकल्या.