डिझेलचं सोवळं

१ एप्रिल २०२० पासून देशातलं डिझेल सोवळ्यात आहे. दहा लाख भागांत आधी ५० भाग गंधक चालायचं, आता जेमतेम १०. याहून जास्त गंधक सतत पोटात गेलं की धुराड्यातली काजळीची गाळणी आणि तिच्या शेजारचे उत्प्रेरक रुसतात. तो रुसवा काढण्याचा खर्च ऐकून मालकाचं इंजिन आधी बंद पडतं.

म्हणून आमचे साडू मुंबईहून लेहला निघाले तेव्हा हॉटेलं नंतर, पंप आधी ठरले. पंप तेल कंपनीचा स्वतःचाच हवा. खप मोठा हवा, कारण शिळं डिझेल नको. टँकर रिकामा होत असेल तर पुढे जायचं. लडाखसाठी पानिपतच्या रिफायनरीत उणे ३३ अंशांतही न गोठणारं हिवाळी डिझेल तयार होतं, हेही त्यांनी शोधून ठेवलं होतं. प्रवास जूनमधला होता, पण गाफील राहायचं नाही.

प्रत्येक पंपावर खाली उतरून आधी झिरो बघायचा आणि मग घनता मोजून मागायची. ग्राहकाचा तो हक्कच आहे. घनतेवरून गंधक कळत नाही, हा तपशील. ते कळतं प्रयोगशाळेत, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागल्यावर. मधल्या काळात श्रद्धेवर भागवायचं.

दिवा लागला की पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग, बऱ्यापैकी वेगात चालवा, म्हणजे काजळी जळून जाईल, असं पुस्तिका सांगते. लिहिणाऱ्याने मुंबई-गोवा महामार्ग पाहिलेला नसावा. तो २०११ पासून रुंद होतोच आहे. तिथे गणपतीला निघालेल्याची काजळी गाळणीतच राहते आणि जळतो तो चालवणारा. साडू उत्तरेला निघाले हे बरंच झालं.

वर गाडीला युरियाही लागतो. म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. त्याची टाकी कोरडी पडली की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, मग डिझेल कितीही सात्त्विक असो. युरियासाठी दुकानोदुकानी हिंडण्याचा मान आजवर शेतकऱ्याचा होता. आता वीस लाखांच्या गाडीचा मालकही त्यात आला, फक्त त्याला अनुदान नाही.

साडूंच्या थोरल्या भावाची अकरा वर्षांची डिझेल गाडी मात्र घरीच राहिली, कारण वाटेत दिल्ली. तिथे डिझेल गाडीचं आयुष्य तेव्हा दहा वर्षांचं होतं. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्या पंपावर कॅमेऱ्याने ओळखून त्यांना इंधनच द्यायचं नाही, असं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी दिल्ली सरकारनेच तांत्रिक अडचणी सांगून स्थगिती मागितली. गाडीला निदान दहा वर्षं मिळत होती.

मनालीच्या पुढे टांडीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं बजावणारी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. ती वाचून साडूंचं धैर्य खचलं. टाकी काठोकाठ भरली तरी वर दोन डबे हवेतच. मग शेजारच्या ढाब्यातून मोहरीच्या तेलाचे रिकामे डबे पैदा झाले आणि मुंबईपासून घनता मोजत आलेल्या माणसाने त्यांत दहा-दहा लिटर डिझेल ओतून घेतलं. डबे धुतलेले आहेत का, एवढं मेव्हणीने विचारलं. साडू म्हणाले, "तेलच तर होतं."