पळसदरीचे गारेगारकाका

गारेगारकाकांकडे उन्हाळ्यात चहा मागू नये. "चहा? या उकाड्यात?" असं म्हणताना ते तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने नोकरीत असताना ते सही न जुळणाऱ्या चेककडे बघत असत. मग ते फ्रीजरकडे वळतात, थंड वाफा निघणारी एक जांभळट कांडी तुमच्या हातात देतात आणि खुर्ची ओढून तुमच्या समोर बसतात. आता ती कांडी खाणं हा तुमचा खासगी मामला राहिलेला नसतो. "ओळखा बघू, काय काय घातलंय?" असं म्हणून त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केलेली असते, आणि त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण आजवर कुणालाही पडलेले नाहीत.

हे काका म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत, ती एक जमात आहे. डोंबिवली, मुलुंड, ठाणे या भागांत तीस-पस्तीस वर्षं लोकलला लोंबकळल्यावर फंडाच्या पैशातून कर्जत-खालापूरच्या बाजूला एक गुंठेवारीचा तुकडा घ्यायचा, त्यावर दोन खोल्या आणि एक झोपाळा उभा करायचा आणि "आता निसर्गात राहायचं" असं जाहीर करायचं, हा या जमातीचा उगम. कर्जतहून खोपोली लोकल पकडली की पहिलंच स्टेशन पळसदरी. डोंगर चहूबाजूंनी जवळ आलेले, त्यामुळे पावसाळ्यात दृष्ट लागावी अशी जागा. पण एप्रिल-मेमध्ये तेच डोंगर वारा अडवून बसतात आणि पारा चाळिशी गाठतो. निसर्गात राहायला आलेल्या माणसाला निसर्ग पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्यात घेतो. काहीजण मुकाट्याने डोंबिवलीला परत जातात. जे राहतात, त्यांच्यातले निम्मे गप्पिष्ट होतात आणि उरलेले गारेगारकाका.

काकांच्या तत्त्वज्ञानाचा पाया एकाच शब्दावर उभा आहे: घरचं. बाजारातली कांडी म्हणजे रंग, सॅकरिन आणि कुठलं तरी पाणी. आपली कांडी म्हणजे फळ, पाला आणि बोअरचं, पण उकळलेलं पाणी. या घरच्या कांडीसाठी सिलिकॉनचे साचे ऑनलाइन येतात, लाकडी काड्यांचं पाकीट कल्याणहून येतं, सैंधव आणि सब्जा वाण्याकडून येतो आणि फ्रीज हप्त्यावर आलेला असतो. जावयाने एकदा सगळा हिशेब मांडून एक कांडी केवढ्याला पडते ते काढलं होतं. तो आकडा काकांनी ऐकून घेतला नाही. जावयालाही पुढे बराच काळ कांडी मिळाली नाही.

फळं मात्र खरोखरच दारातली. एप्रिल सरता सरता करवंदं काळी पडायला लागतात. ठाकूर-कातकरी वाड्यांमधल्या बायका पहाटे रानात जाऊन ती वेचतात आणि पानांच्या द्रोणात भरून कर्जत-नेरळच्या फलाटांवर, गाड्यांमध्ये विकतात. काका त्यांतल्या एका मावशीची सकाळपासून वाट बघतात. पहिल्यांदा त्यांनी दोन टोपल्या एकदम घेतल्या तेव्हा मावशीला वाटलं, घरात लग्न आहे. कांडीचा बेत कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली. "अहो शेठ, करवंदं अशीच खायची असतात," एवढंच म्हणाली. काकांनी तिला शास्त्र समजावून सांगितलं. तिने ते टोपली डोक्यावर ठेवता ठेवता ऐकलं आणि पुढच्या खेपेपासून भाव थोडा वाढवला. त्या सगळ्या व्यवहारात धंद्याची अक्कल कुणाकडे होती, हे तेवढ्यावरून कळावं.

काकांच्या कारकिर्दीचे सरळ तीन कालखंड पडतात. पहिला साखरमुक्तीचा. साखर म्हणजे पांढरं विष, असं कुठूनतरी वाचनात आल्यामुळे त्यांनी कलिंगडाचा नुसता रस साच्यांत ओतला. सकाळी जे बाहेर आलं त्याला कांडी म्हणणं हा दगडाचा अपमान होता. जावयाने आदरापोटी चावा घेतला आणि तेवढ्याच आदराने दाताच्या डॉक्टरकडे गेला. दुसरा कालखंड गुळाचा. या वेळी गूळ इतका पडला की फ्रीजरने रात्रभर जंग जंग पछाडूनही रस घट्ट होईना. काडी उचलली की नुसती काडीच वर यायची. मग कुठे काकांनी शास्त्र वाचलं. पाण्यात साखर विरघळली की त्याचा गोठणबिंदू खाली उतरतो आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकत नाहीत. अजिबात साखर नसेल तर वीट होते, फार झाली तर पाक राहतो. लिटरभर रसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम साखर, फळ आंबट असेल तर थोडी जास्त, हा मध्यममार्ग त्यांना सापडला आणि तिसरा कालखंड सुरू झाला. गारठलेल्या जिभेला गोडी कमी कळते, म्हणून साच्यात ओतायचा रस चाखताना किंचित जास्त गोड लागायला हवा, हे तर ते आता लग्नाच्या पंगतीतही अनोळखी माणसांना सांगतात.

पाल्याचा भाग नाजूक. पुदिना उकळला की काळवंडतो आणि कडवट होतो. म्हणून गरम पाकात टाकून, झाकण ठेवून, थंड झाल्यावर गाळायचा. गवती चहाची पात चिवट, तिला उकळी सोसते. इथपर्यंत सगळं बिनबोभाट चाललं होतं. पण काकांचा हात तुळशीपर्यंत पोचला आणि घरात धर्मसंकट उभं राहिलं.

"आज द्वादशी आहे. तुळस तोडायची नाही," काकू म्हणाल्या.

"मग उद्या."

"उद्या तोडा, पण विष्णूला वाहिल्याशिवाय फ्रीजरमध्ये नाही."

तेव्हापासून करवंद-तुळशीच्या कांडीचा पहिला साचा देवापुढे नैवेद्याला जातो आणि देव्हाऱ्यातला पाट रोज चिकट असतो.

इथे काकूंबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण काका बोलतात त्यात त्या कुठेच नसतात. करवंदं धुऊन, चिरून, एकेक बी काढायची आणि बोटांना लागलेला पांढरा चीक तेल लावून सोडवायचा, ही कामं त्यांची. कैऱ्या उकडायच्या, सालं काढायची, गर पुरणयंत्रातून काढायचा, तोही त्यांनीच. काका शेवटी येऊन वेलची घालतात आणि पाहुण्यांना सांगतात, "मी केलंय." कृती काकांची, कष्ट काकूंचे आणि काडीवर नाव निसर्गाचं. काकू यावर काही बोलत नाहीत. त्या फक्त स्वतःसाठी गुपचूप पन्ह्याचा पेला भरून घेतात, त्यात बर्फाचे दोन खडे टाकतात आणि झोपाळ्यावर बसतात. गोठवण्याचा सगळा खटाटोप वगळून त्या अर्ध्या मिनिटात जिथे पोचतात, तिथे काकांना पोचायला आठ तास लागतात.

यशस्वी वाणांची यादी काकांनी फ्रीजच्या दारावर चिकटवली आहे: कैरी-पुदिना, करवंद-तुळस, कोकम-जिरं, कलिंगड-सब्जा, जांभूळ-सैंधव. फसलेल्यांची यादी काकूंना पाठ आहे. पळसाच्या फुलांची कांडी रंगाने भगवी झाली, चवीने काहीच झाली नाही. फणस आणि गवती चहा यांचं स्थळ जुळलंच नाही. ओव्याच्या पानांची कांडी खाल्ल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा घ्यायची?" आणि अडुळशाच्या कांडीचा विषय त्या घरात निघत नाही.

कांडी हातात असताना इतिहास ऐकावा लागतो, ही या घरची दुसरी अट. १९०५ साली अमेरिकेत फ्रँक एपरसन नावाचा अकरा वर्षांचा पोरगा सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्री ओसरीवर विसरला, सकाळी काडीला धरून बर्फ निघाला आणि १९२४मध्ये त्याने त्याचं पेटंट मिळवलं, ही कथा काका सांगतात तेव्हा तुमच्या मनगटावरून करवंदाचा पहिला ओघळ निघालेला असतो. मग ते मुंबईत येतात. आगगाडी येण्याआधी इथे बर्फ अमेरिकेहून जहाजाने, लाकडाच्या भुशात गुंडाळून यायचा. १८३४च्या सुमाराला जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइसक्रीम वाढलं, पाहुण्यांना सर्दी झाली आणि वर्तमानपत्राने "बरी अद्दल घडली" अशा अर्थाचं काहीतरी छापलं, असं सांगतात. तोवर ओघळ कोपरापर्यंत पोचतो. तिथून तो सदऱ्यावर उतरतो आणि करवंदाचा डाग निघत नाही, हे काका सांगत नाहीत. ते काकू सांगतात, फार उशिरा.

या जमातीचा एकमेव खरा शत्रू म्हणजे वळवाच्या ढगांबरोबर जाणारी लाईट. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून आलं की सगळा गाव सुखावतो आणि काका फ्रीजरला पाठ लावून उभे राहतात. "कुणी दार उघडायचं नाही!" हे शास्त्राला धरूनच आहे, भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर आतला गारवा बराच वेळ टिकतो. पण गप्प बसणं काकांच्या शास्त्रात नाही. ते अंधारात व्याख्यान देतात. इथून डोंगराच्या कडेने पुढे गेलं की खोपोली. तिथे टाटांनी घाटावरून पाणी खाली आणून १९१५ साली वीज तयार केली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. "शंभर वर्षांपूर्वी परळची गिरणी चालत होती इथल्या विजेवर, आणि माझ्या बारा कांड्या चालत नाहीत!" हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज कातर होतो. अगदीच वेळ आली तर कर्जतहून बर्फाची लादी आणून, फोडून, तीत खडे मीठ मिसळतात. मिठामुळे बर्फ वितळता वितळता उणे वीस अंशांपर्यंत गार होऊ शकतो. जुन्या काळी लाकडी बादलीत हाताने फिरवायचं पॉट आइसक्रीम याच युक्तीवर जमायचं. कांड्या वाचतात. घरातलं पापडासाठी आणलेलं मीठ मात्र संपतं.

दर उन्हाळ्यात एकदा काकांना डोंबिवलीच्या जुन्या सोसायटीला आपलं वैभव दाखवायची हुक्की येते. सुका बर्फ ते वापरत नाहीत. तो "केमिकल" आहे. मग थर्माकोलचा डबा, वर्तमानपत्राचे थर, वर ओला टॉवेल आणि दुपारची लोकल. एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी उष्णता लागते, हा आकडा त्यांच्या भरवशाचा. पण दुपारच्या लोकलमधली माणसं किती उष्णता देतात याचा आकडा पुस्तकात नाही. कर्जतला कांडी ठणठणीत असते. नेरळला काठ सुटतो. वांगणीला काड्या वाकड्या होतात. बदलापूरला डब्याखालून थेंब पडतो आणि खाली बसलेला माणूस वर बघतो. डोंबिवलीला काका सोसायटीच्या मंडळींना जे पेल्यांतून वाढतात त्याला "सरबत" म्हणतात, आणि ते फारच उत्तम असतं. तिथे कुणालाच कळत नाही की ही मूळची कांडी होती, आणि काका तिथे "ओळखा बघू" म्हणत नाहीत.

काकांचा खरा पराभव मात्र घरातच होतो. सुट्टीत नातवंडं येतात. दिवसभर आजोबांच्या कैरी-पुदिन्याचं कौतुक करतात, आणि चारच्या सुमाराला सायकलची घंटी आणि "गाऽऽरेगार!" अशी हाळी ऐकू आली की एकेक करून गायब होतात. परत येतात तेव्हा जिभा नारिंगी. काका चौकशी समिती नेमतात, जिभा तपासतात, कृत्रिम रंगांवर बोलतात. मग धाकट्याच्या हातातली उरलेली कांडी "नमुना म्हणून" ताब्यात घेतात आणि पडवीच्या कोपऱ्यात पाठ करून उभे राहतात. अभ्यासाला वेळ लागतो. काडी पांढरी स्वच्छ होऊन परत येते आणि निष्कर्ष मात्र कधीच जाहीर होत नाही. शाळेच्या फाटकाबाहेर पाच पैशांना मिळणाऱ्या त्याच नारिंगी कांडीवर काकांचं स्वतःचं बालपण पोसलं गेलं होतं, हे काकूंनी नातवंडांना केव्हाच सांगून टाकलंय.

जांभळं आणि पाऊस बहुधा मागे-पुढेच येतात. जांभूळ-सैंधवाची शेवटची खेप निघेपर्यंत पळसदरीचा तलाव भरू लागतो, धबधब्यावर गर्दी उसळते आणि माणसं भिजत भाजलेलं कणीस मागायला लागतात. काका साचे धुऊन, पुसून माळ्यावर ठेवतात आणि आलेल्या-गेलेल्याला नाइलाजाने चहा देतात. त्यात ते गवती चहा घालतातच.

तेव्हा मे महिन्यात पळसदरीला उतरलात आणि एखाद्या फाटकातून "थांबा!" असा आवाज आला, तर थांबा. कांडी घ्या. "साखर किती?" असं विचारू नका. काळा किंवा जांभळा सदरा घालून जा. परीक्षेत एक घटक मुद्दाम चुकीचा सांगा; काकांचा उन्हाळा त्यावर निघतो. शाबासकी द्यायचीच असेल तर ती आतल्या खोलीकडे तोंड करून, काकूंना ऐकू जाईल अशी द्या. आणि परतीची गाडी पकडताना फलाटावर करवंदंवाली मावशी दिसली तर तिच्याशी घासाघीस करू नका. तिच्या द्रोणात जे आहे त्याला ना साचा लागतो, ना लाईट, आणि काकांच्या सगळ्या कांड्यांपेक्षा ते चांगलं लागतं. हे काकांनाही माहीत आहे. फक्त त्यांच्यासमोर बोलू नका.