लोकेशनवाले काका

लोकेशनवाले काका प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तरी असतातच. मध्य रेल्वेच्या गाडी-ग्रुपांवर दोन असतात. वयाची अट नाही, अठ्ठाविसाव्या वर्षीही काका होता येतं. एम-इंडिकेटरच्या ट्रेन चॅटवर ‘गाडी कुठे पोचली’ ते सांगणारे अनोळखी लोक हे याच घराण्यातले, फक्त तिथे भाऊबंदकी नसते.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशनची सोय ऑक्टोबर २०१७ मध्ये आली. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय त्यात आहेत. पहिले दोन कोणासाठी ठेवलेत, हे काकांना आजवर उमगलेलं नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघाले, आठ तास. दाढी करायला, आठ तास. भाचीच्या साखरपुड्याला ‘निघालो’ असं लिहून आठ तास लावतात, तेव्हा नकाशावरचा त्यांचा गोल फोटो डोंबिवलीतल्या स्वतःच्याच इमारतीवर असतो, कारण काका अजून पंचा गुंडाळून इस्त्रीचा शर्ट शोधत असतात.

फोटो नेहमी खरं बोलतो असंही नाही. जीपीएसला जागा ठरवायला निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. गच्च डब्यात फोन खिशात, खिशावर बॅग, बॅगेवर तिसऱ्याच माणसाचं कोपर. मग फोन मोबाइल टॉवरांवरून अंदाज बांधतो आणि काका कळव्याजवळ खाडीत दिसू लागतात. ‘काका, पोहता येतं ना?’ असं कोणीतरी विचारतं. काका गंभीरपणे कळवतात, ‘मुंब्रा सोडलं.’

त्यांची खरी किंमत कुर्ला-सायनला रुळांवर पाणी चढलं की कळते. लोकल अडकते, फोन लागत नाहीत, ग्रुपवरचे विनोद आपोआप थांबतात आणि एरवी ग्रुप म्यूट करून ठेवणाऱ्या घरांत काकांचा फोटो उघडून बसतात. बॅटरी नऊ टक्क्यांवर आली की डब्यातला कोणीतरी न मागता पॉवर बँक पुढे करतो. फोटो विक्रोळीहून कांजूरला सरकला, की डोंबिवलीत चार घरी कुकर चढतो. आभार मात्र कोणी मानत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाडीचा विनोद.

निवृत्तीनंतर गाडी सुटते, सवय सुटत नाही. सकाळी ऑफिसच्या वेळेला आठ तास लागतातच. फोटो दिवसभर एकाच इमारतीवर. लोकेशन बंद करायचं बटण लाल अक्षरांत असतं, पण काकांनी ते कधी दाबल्याचं ऐकिवात नाही. पाऊस वाढला की छत्री घेऊन ते स्टेशनवर जातात आणि ‘रिक्षा मिळतायत, सावकाश या’ असं कळवतात, लोकेशनसकट. ग्रुपच्या अ‍ॅडमिनांनी त्यांना कृपया काढू नये.